हायदुक स्प्लिट: वीस वर्षं लीग नाही, तरी अख्खं गाव मागे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इगोर स्टिमॅक भारताच्या फुटबॉल संघाचा कोच झाला तेव्हापासून ‘हायदुक स्प्लिट’ हे नाव कानावर येतंय. या क्लबने २००५ नंतर लीग जिंकलेली नाही. मग क्रोएशियात त्याचा एवढा बोलबाला कसा, त्याचा मालक कोण, आणि जवळपास दरवर्षी जिंकणारा दिनामो झाग्रेब सोडून याच्या नादी का लागायचं? शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी मालकीचं सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

शेठजी म्हणावा असा मालक नाहीच. २००८ मध्ये कर्जाने गळ्यापर्यंत आलेल्या क्लबची शेअर कंपनी झाली. बहुसंख्य शेअर स्प्लिट शहराच्या पालिकेकडे गेले, काही सामान्य नागरिकांनीही घेतले. ‘नाश हायदुक’, म्हणजे ‘आपला हायदुक’, ही चाहत्यांची संघटना आहे. २०१६ मध्ये तिने एका व्यापारी कंपनीकडचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि आज साधारण पाव मालकी तिच्याकडे आहे. पण खरी गंमत वेगळीच आहे. पर्यवेक्षक मंडळावर कोण बसणार हे २०११ पासून वर्गणी भरणारे सभासद मतदानाने ठरवतात. शेअर पालिकेचे, पण निवड सभासदांची. नगरसेवकाच्या मेहुण्याची मंडळावर वर्णी लागू नये म्हणून चाहत्यांनी आधी एक आचारसंहिता लिहिली आणि मग पालिकेला ती मान्य करायला लावली. गेल्या काही वर्षांत सभासदसंख्या लाखाच्या घरात गेली आहे. स्प्लिटची लोकसंख्या दीड-पावणेदोन लाख. म्हणजे सभासद नुसते शहरातले नाहीत, तर सगळ्या दाल्मेशियातले (स्प्लिटभोवतीची किनारपट्टी), बेटांवरचे आणि जर्मनी-ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांच्या पोरांतलेही आहेत.

आता मुळापासून. १९११ साली स्प्लिट ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होतं आणि इथली मुलं शिकायला प्रागला जायची. त्यातल्या फाबियान कालितेर्ना, लुत्सियान स्टेला, इवान शाकिच आणि व्येकोस्लाव इवानिशेविच या चौघांनी तिथे स्पार्ता आणि स्लाव्हिया या प्रागच्याच दोन क्लबांचे सामने पाहिले. ‘ऊ फ्लेकू’ नावाच्या जुन्या बिअरखान्यात बसून त्यांनी ठरवलं की आपल्या गावातही असा क्लब हवा. हा बिअरखाना आजही चालू आहे आणि हायदुकवाले प्रागला गेले की तिथे हजेरी लावतात. नाव काय ठेवायचं यावर एकमत होईना, म्हणून पोरं योसिप बाराच या आपल्या जुन्या मास्तरांच्या खोलीत घुसली. त्यांनी ‘हायदुक’ सुचवलं. तुर्कांच्या अमलाविरुद्ध डोंगराचा आसरा घेऊन लढणारे ते हायदुक. सरकारदरबारी अर्थात दरोडेखोर. १३ फेब्रुवारी १९११ ला क्लबची नोंदणी झाली.

पहिला सामना ११ जून १९११ ला झाला, समोर ‘काल्चो स्पालातो’. हा त्याच शहरातला इटलीधार्जिण्या लोकांचा संघ. निकाल ९-०. पहिला गोल शिमे राउनिगच्या गुडघ्याला लागून गेला असं सांगतात. छातीवर लाल-पांढरा चौकटींचा क्रोएशियन पट होता. व्हिएन्नाच्या राज्यात हा पट मिरवणं आणि इटालियन मंडळींना नऊ गोल घालणं हे त्या काळात नुसतं फुटबॉल नव्हतं. अंगात पांढरा शर्ट, म्हणून आजही लाडाने ‘बिली’, म्हणजे पांढरे, म्हणतात.

दोन महायुद्धांमधला काळ भरभर उरकतो. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. त्या देशाच्या लीगची विजेतेपदं १९२७ आणि १९२९ ला मिळाली.

१९४१ चं प्रकरण मात्र सावकाश वाचा. त्या एप्रिलमध्ये मुसोलिनीच्या फौजा स्प्लिटमध्ये आल्या आणि शहर थेट इटलीला जोडलं गेलं. इटालियन अधिकाऱ्यांनी क्लबपुढे प्रस्ताव ठेवला: नाव बदला, इटलीच्या वरच्या लीगमध्ये खेळा. पैसा, मैदानं, मोठे प्रतिस्पर्धी, सगळं मिळणार होतं. हायदुकने नाही म्हटलं आणि क्लब बंद केला. पुढे तीन वर्षं हायदुक नावाचा संघ मैदानात उतरला नाही.

१९४४ च्या वसंतात खेळाडू एकेक करून, लपतछपत, व्हिस बेटावर पोचले. एड्रियाटिक समुद्रातलं हे बेट तेव्हा युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याच्या पार्टिझान सैन्याच्या ताब्यात होतं, तिथेच ब्रिटिशांचाही तळ. ७ मे १९४४ ला तिथे क्लब पुन्हा उभा केला. तारीख मुद्दाम निवडलेली: ७ मे हा स्वेती दुये या स्प्लिटच्या रक्षक संताचा सण, म्हणजे आपल्या हिशेबाने ग्रामदैवताचा उत्सवच. शहर अजून शत्रूकडे होतं, पण क्लब बेटावरून त्याचं नाव घेऊन खेळायला लागला. छातीवर आता लाल तारा होता. २३ सप्टेंबर १९४४ ला इटलीतल्या बारीमध्ये ब्रिटिश सैन्याच्या संघाशी सामना झाला. इंग्लंडचा स्टॅन कलिस त्या संघात होता आणि प्रेक्षकांत चाळीस हजारांवर माणसं, बहुतेक सैनिक. हायदुक ७-२ ने हरला. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही. मग माल्टा, इजिप्त, पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया असा दौरा झाला आणि लेबनॉनमध्ये नाझींविरुद्ध लढणाऱ्या द गॉलच्या ‘फ्री फ्रान्स’ने त्यांना मानद संघाचा दर्जा दिला. असला मान मिळालेला दुसरा फुटबॉल क्लब मला तरी माहीत नाही.

युद्ध संपल्यावर टिटोला हाच संघ राजधानी बेलग्रेडमध्ये सैन्याचा क्लब म्हणून हवा होता. साक्षात टिटोचं बोलावणं, आणि हे तर त्याचेच लढाईतले खेळाडू. तरी उत्तर आलं की आम्ही आमच्या गावातच बरे. मग सैन्यासाठी १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये पार्टिझान बेलग्रेड हा वेगळा क्लब काढावा लागला. चार वर्षांत एकदा उजव्यांना आणि एकदा डाव्यांना नकार. माझ्या मते हायदुकचा स्वभाव इथे पक्का झाला. ट्रॉफ्या दिनामोकडे जास्त आहेत, पण ही दोन पानं त्यांच्याकडे नाहीत.

‘तोर्त्सिदा’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९५० च्या ब्राझील वर्ल्डकपमधल्या प्रेक्षकांचे फोटो आणि बातम्या पाहून झाग्रेबला शिकणाऱ्या दाल्मेशियन विद्यार्थ्यांनी २८ ऑक्टोबर १९५० ला हा चाहत्यांचा गट स्थापन केला. नावही ब्राझीलचंच उचललं. दुसऱ्याच दिवशी रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध सामना. रात्रभर त्यांच्या खेळाडूंना झोप लागू नये एवढा गोंगाट, मैदानात घंटा, कर्णे, खुळखुळे, आणि हायदुक २-१ ने जिंकला. त्या मोसमात संघ एकही सामना हरला नाही. पण सरकारला हा उत्साह संशयास्पद वाटला. संघटनेवर बंदी आली, एका म्होरक्याला तुरुंगवास झाला आणि कर्णधार फ्राने मातोशिचला कम्युनिस्ट पक्षातून काढलं. हा मातोशिच क्लबचा सार्वकालिक गोलवीर: मैत्रीपूर्ण सामने धरून ७२९ गोल.

त्या पिढीत गोलकीपर व्लादिमिर बेआरा आणि बर्नार्ड वुकासही होते. १९५५ मध्ये बेलफास्टला ग्रेट ब्रिटनविरुद्ध ‘उरलेला युरोप’ असा सामना झाला, त्यात वुकासने हॅटट्रिक मारली. सत्तरच्या दशकात, ज्यातला बराच काळ टोमिस्लाव इविच हा घरचाच कोच होता, सलग पाच कप आले (१९७२, ७३, ७४, ७६, ७७, १९७५ ला स्पर्धाच झाली नाही). दशकभरात लीगही चार वेळा आली. युरोपात दोनदा उपांत्य फेरी गाठली, १९७३ ला लीड्सपुढे आणि १९८४ ला टॉटनहॅमपुढे अडले. टॉटनहॅमच्या चिन्हावर कोंबडा आहे. स्प्लिटच्या सामन्याआधी एका महाभागाने मैदानात येऊन खरोखरचा कोंबडा मारला. क्लबची प्रेमकथा सांगणारे हा प्रसंग बहुधा गाळतात, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

आता पोल्युद. १९७९ च्या भूमध्य क्रीडास्पर्धेसाठी वास्तुकार बोरिस मागाशने शिंपल्यासारख्या आकाराचं हे स्टेडियम बांधलं, तोवर हायदुक ‘स्तारी प्लात्स’ या जुन्या मैदानावर खेळायचा. ४ मे १९८०, समोर रेड स्टार. ४१ व्या मिनिटाला तीन माणसं मैदानात आली, रेफरीने खेळ थांबवला आणि माईकवरून घोषणा झाली: टिटो गेला. खेळाडू जागच्या जागी रडू लागले, झ्लात्को वुयोविच गवतावर कोसळला. क्रोएट आणि सर्ब खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे, आणि सगळं स्टेडियम टिटोच्या वाटेवरून ढळणार नाही अशी शपथ घेणारं गाणं म्हणतंय. चित्रफीत सहज सापडते, जरूर बघा.

त्याच स्टेडियममध्ये २६ सप्टेंबर १९९० ला पार्टिझानविरुद्ध सामना चालू असताना प्रेक्षक आत घुसले आणि त्यांनी युगोस्लाव्हियाचा झेंडा जाळला. मधे जेमतेम दहा वर्षं. त्याच सुमारास शर्टवरचा तारा गेला आणि चौकटींचा पट परत आला.

इथे तुमचा स्टिमॅक येतो. ८ मे १९९१, युगोस्लाव्हियाच्या कपची अंतिम लढत, ठिकाण बेलग्रेड. सहा दिवसांपूर्वीच बोरोवो सेलो या गावात क्रोएशियन पोलीस मारले गेले होते, युद्ध उंबरठ्यावर होतं. रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच त्याच परिसरातला. त्याची आणि स्टिमॅकची अशी जुंपली की रेफरीने दोघांनाही बाहेर काढलं. आलेन बोक्शिचच्या गोलवर हायदुक १-० ने जिंकला. तीन आठवड्यांनी हाच रेड स्टार युरोपचा विजेता झाला, आणि तोही त्याच बारी शहरात. टिटोच्या नावाचा तो कप पुन्हा कुणाला द्यायला देशच उरला नाही, तो स्प्लिटलाच राहिला. स्टिमॅक पुढे १९९८ च्या वर्ल्डकपला तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीत होता, संघात सोबत बिलिच, यार्नी, आसानोविच, सगळे हायदुकचेच. भारतीय संघाकडे तो २०१९ ते २०२४ होता. टचलाइनवरचा त्याचा आरडाओरडा आणि लाल कार्डं आठवत असतील, तर ही शाळा कुठली ते कळेल.

एक अडचणीची गोष्ट राहिली. पार्टिझान सैन्याचा संघ हा हायदुकचा सगळ्यात अभिमानाचा अध्याय, पण आजच्या उत्तर स्टँडमधल्या, म्हणजे तोर्त्सिदाच्या, बऱ्याच पोरांना लाल तारा डोळ्यासमोर नको असतो. त्यांच्यातल्या काहींचं राजकारण पार उजवीकडचं आहे. व्हिसची आठवण निघाली की ‘फासिस्टांना नकार’ सगळे सांगतात, ‘कम्युनिस्टांबरोबर लढलो’ म्हणताना आवाज खाली येतो. मला हे सोयीस्कर वाटतं. दोन्ही पानं एकाच वहीतली आहेत.

स्वतंत्र क्रोएशियात सुरुवात जोरात झाली: १९९२, ९४, ९५ ला लीग, आणि १९९५ ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत अॅम्स्टरडॅमचा आयाक्स. स्प्लिटला ०-०, तिकडे ०-३. त्या वर्षी आयाक्सनेच करंडक उचलला. नंतर २००१, २००४, २००५, आणि तिथून २०२४-२५ पर्यंत लीगचा दुष्काळ. कारण गूढ नाही. दिनामो राजधानीतला, चॅम्पियन्स लीगला गेला की पैसा येतो, त्यातून चांगली पोरं येतात, ती विकून पुन्हा पैसा. हायदुककडे हे चक्र फिरलंच नाही. चाहत्यांची लोकशाही ऐकायला छान, पण लाखभर मालक असले की दोन पराभवांत कोचची खुर्ची डळमळते. २०२४-२५ ला इटलीचा गात्तुसो कोच म्हणून आला, मोसम बराच काळ छान गेला, शेवटी गाडी घसरली आणि तिसरा क्रमांक. कप मात्र २०२२ आणि २०२३ ला लागोपाठ आले.

हट्ट अजून तोच आहे. नोव्हेंबर २०१४ ला झाग्रेबला दिनामोविरुद्धच्या डर्बीत तोर्त्सिदाला आत सोडलं नाही, तर संघच खेळायला उतरला नाही. नियमाने सामना गेला. स्प्लिटला परतले तेव्हा हजारो लोक स्वागताला उभे होते.

अकादमी ही त्यांची जमेची बाजू. २०२३ ला त्यांची पोरं युएफा यूथ लीगच्या अंतिम फेरीत गेली, तिथे अल्कमारने ५-० ने धुतलं ते सोडा. क्रोएशियाचा खेळाडू इवान पेरिशिच इथलाच, सतराव्या वर्षी फ्रान्सला गेला आणि २०२४ च्या सुरुवातीला काही महिन्यांसाठी परत आला.

तर मागे लागावं का? ट्रॉफ्या मोजायच्या असतील तर दिनामो धरा, त्यात काही चूक नाही. हायदुक धरायचा असेल तर पोल्युदवरच्या डर्बीपासून सुरुवात करा आणि कॅमेरा उत्तर स्टँडकडे वळला की आवाज वाढवा. युरोपातले त्यांचे पात्रता सामने जुलै-ऑगस्टमध्ये असतात. तिकडे रात्री नऊ म्हणजे आपल्याकडे साडेबारा, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या ऑफिसचं आधी बघा. आणि पहिल्या वर्षी तरी विजेतेपदावर पैज लावू नका.