वाचकांचे प्रश्न : तंबाखू, कर्करोग आणि संशोधन करणारा डॉक्टर

प्रश्न : वैद्यकीय पदवी हातात आहे. शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीकडे न वळता कर्करोग प्रतिबंधात, त्यातही तंबाखूवर संशोधन करायचं आहे. काय शिकावं लागेल? पेशंट तपासणं सुटेल का?

उत्तर : पूर्ण सोडू नका. आठवड्यातून एक ओपीडी हाताशी ठेवलीत, तर लोक सवय कशी लपवतात आणि सोडताना नेमके कुठे अडतात ते कळत राहतं. तुमची प्रश्नावली त्यातूनच सुधारेल. शिकायचं ते एपिडेमिऑलॉजी (रोग कुणाला, किती आणि कशामुळे होतात याचा लोकसमूहांत अभ्यास करणारं शास्त्र) आणि संख्याशास्त्र. आकडेमोड दुसऱ्याकडून करून घेता येते, पण अभ्यासाची आखणी स्वतःलाच जमली पाहिजे, कारण चुकलेली आखणी पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचा बेत पहिल्याच प्रकल्पात नको. सवय लागणं आणि कर्करोग होणं यांत सहसा काही दशकं जातात. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनीही १९५० साली आधी रुग्णालयांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची इतर रुग्णांशी तुलना केली, म्हणजे केस-कंट्रोल अभ्यास केला. मोठ्या पाठपुराव्यासाठी ब्रिटिश डॉक्टरांना धूम्रपानाच्या प्रश्नावल्या गेल्या त्यानंतर, १९५१ मध्ये, आणि त्या पाठपुराव्याचा पन्नास वर्षांचा निकाल छापून आला २००४ मध्ये.

१९५०चा तो लेख मुळातून वाचा. मुलाखतीच्या वेळी काही जणांवर फुप्फुसाच्या कर्करोगाचा शिक्का होता. पुढे ते निदान चुकीचं निघालं. मुलाखत घेणाऱ्यांचं मन आधीच कललेलं असतं, तर या लोकांच्या सिगारेटीही फुगवून नोंदल्या गेल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांचं धूम्रपान कर्करोग नसलेल्यांसारखंच निघालं. अशी एखादी उलटतपासणी आपल्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून बसवून ठेवा. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

प्रश्न : धूम्रपानाचा इतिहास नोंदवताना ‘पॅक-इयर’ लिहिलं की भागतं ना?

उत्तर : नाही भागत. पॅक-इयर म्हणजे रोजची पाकिटं (२० सिगारेटींचं एक) गुणिले ओढल्याची वर्षं. रोज २० सिगारेटी २० वर्षं आणि रोज १० सिगारेटी ४० वर्षं, दोन्हींचे पॅक-इयर २०च. पण फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सारखा नाही, दुसऱ्या माणसाला तो बराच जास्त. धोका रोजच्या संख्येपेक्षा किती वर्षं ओढली यावर अधिक चढतो. डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी १९७८ मध्ये हेच आकड्यांनी दाखवलं. ‘मी कमी ओढतो’ म्हणणारा माणूस म्हणूनच फार वाचत नाही.

तेव्हा सुरू केल्याचं वय, प्रत्येक कालखंडातली रोजची संख्या, मध्ये किती काळ बंद होती आणि शेवटची सिगारेट कधी ओढली, हे वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. पॅक-इयर नंतर केव्हाही काढता येतात. पॅक-इयरवरून मागे जाता येत नाही.

नेहमी फसवणारा गट म्हणजे नुकतेच सोडलेले. खोकला वाढला, रक्त पडलं म्हणून यांतल्या अनेकांनी सोडलेली असते, म्हणजे रोग आधी आणि सोडणं नंतर. त्यांना ‘सोडलेले’ या गटात टाकलंत, तर सोडल्यामुळे धोका वाढतो असा उफराटा निष्कर्ष निघेल. निदानाआधीच्या वर्षभरात सोडलेल्यांना ‘ओढणारे’च धरा किंवा त्यांचा वेगळा गट करा.

चघळायच्या तंबाखूला हे माप लागूच पडत नाही. दिवसातून किती वेळा, एका वेळी किती मिनिटं, गालाच्या कोणत्या बाजूला, झोपताना तोंडात असते का, सोबत सुपारी असते का, हे विचारा. सुपारी स्वतंत्रपणेही कर्करोगकारक आहे, तिचा रकाना वेगळाच हवा.

प्रश्न : तंबाखू सोडवण्याच्या प्रयोगात सहभागी म्हणतो ‘सोडली’. पडताळायचं कसं?

उत्तर : साधं साधन म्हणजे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र. पंधरा सेकंद श्वास रोखून मग सावकाश फुंकायला सांगा; घाईत फुंकलं की आकडा खोटा कमी येतो. पण हा वायू काही तासांतच अर्ध्यावर येतो, त्यामुळे आदल्या दिवशीपासून न ओढलेला माणूस सहज पास होतो. आणि तंबाखू चघळणारा तर यात सापडतच नाही.

लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) काही दिवस मागचं सांगतं आणि चघळणाऱ्यालाही पकडतं. अडचण एकच : निकोटिनचा पॅच किंवा गम चालू असेल तर तेही भरपूर येतं. अशा वेळी लघवीतलं अ‍ॅनाबेसिन तपासतात. ते तंबाखूत असतं, पॅचमध्ये नसतं.

निकाल किमान सहा महिन्यांनी मोजा. पहिल्या काही आठवड्यांत बरेच जण परत फिरतात, त्यामुळे महिन्याभराचे सुंदर आकडे फारसे कामाचे नसतात. जे फोन उचलत नाहीत, पत्ता बदलून गायब होतात, त्यांना ‘सोडली नाही’ असंच धरतात. ही अट जाचक वाटते, पण यशस्वी झालेलेच कळवायला येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

प्रश्न : सुटत नसेल तर निदान जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी कर्करोग टाळता येईल का? यावर प्रयोग करण्याचा विचार आहे.

उत्तर : आधी फिनलंडचा निकाल वाचा. २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या त्या प्रयोगात (१९९४) बीटा-कॅरोटिन (शरीरात ज्याचं ‘अ’ जीवनसत्त्व बनतं) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतला तसाच एक प्रयोग याच कारणाने १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावा लागला.

प्रश्न : तंबाखू कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने शिष्यवृत्ती देऊ केली आहे. विषय तर निरुपद्रवी दिसतो. घ्यावी का?

उत्तर : नको. ‘प्लॉस मेडिसिन’ या वैद्यकीय संशोधन नियतकालिकाने २०१० पासून आणि ‘बीएमजे’ (ब्रिटिश मेडिकल जर्नल)ने २०१३ पासून या उद्योगाच्या पैशातून झालेलं संशोधन छापणं बंद केलं आहे. संस्थेचं नाव कितीही आरोग्यदायी असो, तिला पैसा कोण पुरवतं ते अर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्या.