शेतमजुराचा रोज कशावर ठरतो?

सोयाबीनचा भाव जागचा हलत नाही, मग मजुरांचा रोज दरवर्षी कसा वाढतो आणि तो ठरवते कोण, असा आपला प्रश्न आहे. परभणी जिल्ह्यात सेलूच्या बाजूला माझी दहा एकर जमीन आहे. गेली तीस वर्षे मी मजुरांना रोज देत आलो आहे, आणि शाळेच्या वयात दुसऱ्याच्या रानात रोजाने गेलोही आहे, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार ठाऊक आहेत. माझ्या मते मालाचा भाव एवढेच ठरवतो की शेतकऱ्याला जास्तीत जास्त किती देणे परवडेल. मजूर किती रोजाला येईल हे मात्र त्याला त्या दिवशी दुसरीकडे काय मिळणार आहे, यावर ठरते.

कापसाच्या वेचणीत हे सर्वांत स्वच्छ दिसते, कारण तिथे मजुरी किलोवर असते. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीत बोंडे भरपूर फुटलेली असतात, हाताला सराव असलेली बाई दिवसाला चाळीस किलो सहज वेचते आणि आठ रुपये किलोने तिला 320 रुपये पडतात. शेवटच्या वेचणीत झाडावर कापूस उरतो थोडा, चालावे लागते फार, आणि पंचवीस किलोच्या पुढे वजन जात नाही. तेव्हा बाया बारा रुपयांखाली येत नाहीत, म्हणजे पुन्हा 300 च. किलोचा दर दीडपट झाला तरी दिवसाची कमाई हललेली नाही. उलट शेवटच्या वेचणीचा कापूस कवडीचा, म्हणजे डागी-किडका, आणि कमी भावाचा असतो, तरीही किलोमागे वेचणीचा दर त्याच वेळी सर्वांत जास्त असतो. मालाच्या भावावर मजुरी ठरत असती तर हे उलटे व्हायला हवे होते.

दुसरी गोष्ट घाईची. खुरपणी चार दिवस पुढे ढकलता येते, वाळलेले सोयाबीन ढकलता येत नाही. आभाळ आले की शेंगा भिजण्याची भीती आणि ऊन तापले की त्या तडकण्याची. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील शेतकऱ्यांनी पारावर बसून काढणीचा एकच दर ठरवला होता आणि त्यापेक्षा जास्त कोणी द्यायचा नाही असे सर्वांनी मान्य केले होते. तो ठराव आठवडाभरही टिकला नाही. पावसाचा अंदाज आला त्या रात्री एकाने शेजारच्या गावातील टोळीला एकरी दोनशे रुपये जास्त कबूल केले आणि पहाटे टेम्पोने तिला आपल्या रानात उतरवले. तो एक म्हणजे मीच, त्यामुळे मजूर अडवणूक करतात अशी तक्रार करण्याचा अधिकार मला फारसा उरलेला नाही.

आता मजुराला दुसरीकडे काय मिळते ते पाहू. मराठवाड्यात याचे मोठे उत्तर ऊसतोड हे आहे. बीड जिल्ह्यातून आणि आमच्याकडे गंगाखेडच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नेमके याच काळात कापूस वेचणीला आणि तूर काढणीला येते, म्हणून मागे राहिलेल्यांचा भाव वधारतो. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. या दराचा करार पुण्यात होतो, पण त्याचा परिणाम आमच्या बांधावर जाणवतो. तरुण पोरे पुण्याकडे चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत गेली ती वेगळीच.

सरकारी योजनांनी मजूर आळशी झाले, हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येते. लाडकी बहीणचे महिन्याचे 1,500 रुपये म्हणजे पाच दिवसांचा रोज. त्यावर महिनाभर कोणी घरी बसत नाही. रेशनच्या धान्याने एवढे मात्र झाले आहे की चूल पेटवण्यासाठी पडेल त्या दराने जाण्याची वेळ येत नाही, बाई एक दिवस थांबून भाव करू शकते. याला मी आळस म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी मात्र 2024-25 मध्ये पुरुषांच्या रोजाला आधार देत नव्हती, कारण तेव्हा तिचा दर 297 रुपये होता आणि शेतावर पुरुषाला 450-500 मिळत होते. बायांसाठी तो दर उपयोगी ठरू शकला असता. पण हमीचे पैसे खात्यावर जमा होईपर्यंत थांबावे लागते आणि शेतातला रोज संध्याकाळी किंवा फार तर बाजाराच्या दिवशी हातात पडतो. किमान वेतनाचा 1948 चा कायदा 2025 पर्यंत शेतीलाही लागू होता, परंतु आमच्या शिवारात त्याची विचारपूस करायला कोणी आलेले मला आठवत नाही.

बाईचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा शे-दोनशेने कमी असतो, आणि त्याचे कारण काम हलके हे नाही. दिवसभर वाकून खुरपणे पाठीला काय करते हे मी जाणतो. समान कामाला समान वेतन हा नियम कायद्यात 1976 पासून आहे, पण कामेच बायांची आणि गड्यांची अशी वाटलेली असल्यामुळे त्याची गाठच पडत नाही. शिवाय बाईला दिवस मावळायच्या आत घरी परतायचे असते, म्हणून ती पायी किंवा टमटमने जाता येईल तेवढ्याच रानांपैकी निवड करते, तर पुरुष सेलू-परभणीला बांधकामावर जाऊ शकतो. एकराच्या गुत्त्यावर, म्हणजे एकरी ठरलेल्या ठेक्यावर, जोडीने काम घेतले की हा फरक निदान हिशेबातून नाहीसा होतो.

उचलीबद्दलही थोडे सांगायला हवे. आषाढात हाताला काम नसताना ज्याने शेतकऱ्याकडून दोन-तीन हजार घेतले, तो सुगीत त्याच्याच रानात आणि बहुधा चालू दरापेक्षा कमी दराने राबतो. गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरणाऱ्या सालगड्याचेही तसेच असते.

परवडण्याची मर्यादा संपली की शेतकरी रोज वाढवण्याऐवजी मजूरच कमी करतो. खुरपणीच्या जागी तणनाशक आले, सोयाबीनला हार्वेस्टर आला. कापसाला आमच्याकडे अजून हातच लागतो. 2024-25 मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,121 रुपये होता, म्हणजे बारा रुपये किलोने वेचणी दिली तर सहावा हिस्सा वेचणीतच जातो. माझा कापूस त्यामुळे सहा एकरांवरून दोनवर आला आहे, आणि तो घरच्या माणसांना वेचता येईल एवढाच ठेवला आहे.