‘बोगनवेल’मधली वेल कोणती?

बागकामाची आवड असलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘बोगनवेल’ या शब्दाची फोड ‘बोगन + वेल’ अशी करावी का, केल्यास ‘बोगन’ म्हणजे काय, आणि हा शब्द पुल्लिंगी मानावा की स्त्रीलिंगी.

तशी फोड करता येत नाही, कारण हा शब्द मुळात एका फ्रेंच आडनावावरून आला आहे. लुई आंत्वान द बुगँव्हिल (१७२९–१८११) हा फ्रेंच आरमारी अधिकारी १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि त्याच्या नावावरून या वनस्पतीच्या प्रजातीला ‘बुगनविलिया’ म्हणू लागले. आडनावातल्या ‘व्हिल’चा फ्रेंचमधला अर्थ गाव किंवा नगर असा आहे. मराठी माणसाने तो उच्चार ऐकला तेव्हा डोळ्यांसमोर कुंपणावर पसरलेली वनस्पती होती, त्यामुळे शेवटच्या अक्षरांत त्याला ‘वेल’ ऐकू आली. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘बोगन’ हा तिच्यातून मागे उरलेला तुकडा असून त्याला स्वतंत्र अर्थ नाही. योहान झिन आणि अँडर्स डाल यांच्या नावांवरून आलेले ‘झिनिया’ व ‘डेलिया’ मराठीत जवळजवळ जसेच्या तसे राहिले, कारण त्यांत आपल्याला ऐकू येण्याजोगे काही नव्हते. बंगालीने मात्र याच फुलाला ‘बागानबिलास’ केले आहे, आणि ते आपल्या शब्दापेक्षाही देखणे आहे हे मान्य करावे लागते.

नाव बुगँव्हिलचे असले, तरी वनस्पतीची नोंद त्याने केलेली नाही. ते काम मोहिमेवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सन याने १७६७ साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे केले. कॉमर्सनच्या सोबत साहाय्यक म्हणून आलेला ‘झाँ’ हा प्रत्यक्षात झान बारे नावाची स्त्री होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव असल्याने तिने पुरुषवेश घेतला होता. कॉमर्सनचा पाय दुखावलेला असे आणि डोंगर चढून नमुने गोळा करण्याचा मोठा भार बारेवर पडे. म्हणूनच रिओतील हा नमुनाही तिनेच खुडला असावा, असा तर्क केला जातो. कॉमर्सन १७७३ मध्ये मॉरिशसला वारला. बारे पुढे फ्रान्सला परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. तिच्या नावाची वनस्पती, ‘सोलानम बारेटिए’, यायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले. ती वांग्या-बटाट्याच्या प्रजातीतली आहे.

‘बोगनवेल’ला अपभ्रंश म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लोराँ द ज्युस्यू याने १७८९ मध्ये ही प्रजाती प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा खुद्द त्याच्या ग्रंथात आडनावातला ‘ओ’ गाळून ते नाव छापले गेले. आजचे लेखन शास्त्रीय सूचीत स्थिरावायला विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडले. तेव्हा मराठीत ‘बोगनवेल’ हेच रूप निःशंकपणे वापरावे. ‘बोगनवेलिया’ म्हटल्याने आपण फ्रेंचच्या फारसे जवळ जात नाही.

वनस्पतीच्या दृष्टीने ही वेल म्हणावी का, हा प्रश्न उरतो. तिला काकडीसारखे तणावे नसतात आणि ती आधाराला वेढेही घालत नाही. लांबलचक फांद्या काट्यांच्या आधाराने इतर झाडांवर रेलतात, म्हणूनच भिंतीवर चढवायची असेल तर तिला बांधावे लागते आणि छाटत राहिल्यास ती कुंडीत झुडूप होऊन राहते. अर्थात ज्याला आपण तिचे फूल म्हणतो तेही फूल नव्हे. ती रंगीत छदे, म्हणजे फुलाभोवतीची पानेच, असतात. खरे फूल त्यांच्या आत असलेली बारीक, फिकट नळी होय. तमिळ आणि मल्याळममध्ये तिला ‘कागदाचे फूल’ म्हणतात, ते या छदांच्या पोतामुळे.

आता लिंगाविषयी. ‘वेल’ हा शब्द मराठीत दोन्ही लिंगांत चालतो: ‘वेल मांडवावर चढला’ आणि ‘वेल मांडवावर चढली’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत. ‘बोगनवेल’ मात्र माझ्या ऐकण्यात प्रायः स्त्रीलिंगीच आली आहे, म्हणून ‘बोगनवेल बहरली’, ‘बोगनवेलीला पाणी कमी द्यावे’, ‘दारात दोन बोगनवेली आहेत’ असे लिहावे. कोणी ‘बोगनवेल बहरला’ असे लिहिले, तर ते चुकीचे ठरवण्याचे कारण नाही.