दाढीचा फेस : डब्यातला, नळीतला की वाटीतला?

प्रश्न : गेली आठ-नऊ वर्षे मी डब्यातला फोम लावून दाढी करतो. काम झटपट होते. परंतु मानेवर दर वेळी आग होते आणि दुसऱ्या दिवशी बारीक लाल पुरळ उठते. एका मित्राने फोम सोडून ब्रश आणि दाढीचा साबण वापरण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याच्या मते साबणाने त्वचा कोरडी पडते, म्हणून नळीतले क्रीम घ्यावे. या तिघांत खरोखर काही फरक आहे, की हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे?

उत्तर : फरक आहे, मात्र तो समजण्यासाठी फेस बाजूला ठेवून आधी केसाकडे पाहावे लागते. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि कोरडा असताना चांगलाच चिवट असतो. पाणी मुरले की तो फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला बऱ्याच कमी जोराने कापता येतो. कोमट पाण्याने चेहरा सतत ओला राखला, तर यासाठी दोन-तीन मिनिटे पुरतात. केसावर त्वचेतल्या तेलाचा पातळ थर असल्याने पाणी सहज आत शिरत नाही, म्हणून आधी चेहरा धुऊन घेणे हिताचे. केस मऊ करण्याचे काम अशा रीतीने पाण्याचेच असते, आणि फेसाकडे दोन कामे उरतात : मुरलेले पाणी सुकू न देणे आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर टिकवणे. फोम, क्रीम आणि साबण यांची पारख या दोन कामांवरून करावी. फेस किती उंच फुगतो आणि त्याचा सुगंध किती वेळ दरवळतो, याला पात्याच्या लेखी काही किंमत नाही.

फोमच्या डब्यात साबणाचे पातळ द्रावणच असते. स्टिअरिक आम्लासारखी मेदाम्ले ट्रायइथेनॉलअमाइनसारख्या अल्कलीने उदासीन करून ते तयार करतात आणि त्यात आयसोब्युटेन व प्रोपेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात मिसळलेले असतात. कळ दाबून मिश्रण बाहेर आले की दाब नाहीसा होतो, त्या द्रवाचा क्षणात वायू बनतो आणि तयार फेस हातावर येतो. (पूर्वी याच कामासाठी क्लोरोफ्लुरोकार्बन ही ओझोनच्या थराला अपाय करणारी संयुगे वापरत असत. अमेरिकेने बहुतेक फवारा-डब्यांतून ती १९७८ साली हद्दपार केली आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर इतर देशांतही ती मागे पडली. आताचे वायू ओझोनच्या थराला अपाय करत नाहीत, पण ते ज्वलनशील आहेत. म्हणून डबा उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये.) हातावर आलेल्या या फेसाच्या आकारमानात वायूचा वाटा फार मोठा असतो. चिमूटभर फोम दोन बोटांत चोळून पाहिला, तर हाताशी किती थोडा ओलसर थर उरतो ते आपल्याला दिसेल.

तरीही फोमचा मुख्य दोष मला त्याच्या घटकांत दिसत नाही, तो त्याच्या सोयीत दिसतो. डबा हाताशी असला की माणूस चेहऱ्यावर पाण्याचा एक हबका मारतो, फोम फासतो आणि लगेच रेझर उचलतो. केसाला जी दोन-तीन मिनिटे मिळायला हवीत ती मिळतच नाहीत. ब्रशने फेस करणाऱ्याला मात्र इलाज नसतो. ओला ब्रश गालांवर गोलाकार फिरवताना तेवढा वेळ आपोआप जातो, पाणी केसांच्या मुळांपर्यंत पोहोचते आणि आडवे पडलेले केस उभे राहतात. साबणाला मिळणाऱ्या श्रेयातले निम्मे श्रेय, माझ्या मते, ब्रशचे आणि त्या वेळेचे आहे.

क्रीमच्या दोन जाती आहेत आणि खरेदी करताना त्यांची गल्लत होते. ब्रशने फेस करायचे क्रीम म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचा मऊ साबण, भरपूर पाणी आणि ग्लिसरीन. ओल्या ब्रशवर बदामाएवढे घेतले तरी पुरते आणि मिनिटभरात दाट फेस होतो. ब्रशविना लावायच्या क्रीमला फेस येतच नाही. ते तेल व पाणी एकजीव करून बनवलेले, कोल्ड क्रीमच्या जातकुळीचे असते. ‘बार्बासॉल’ हे या प्रकारचे अमेरिकी क्रीम १९१९ साली, म्हणजे फोमच्या डब्यांच्या बरेच आधी, बाजारात आले. फार कोरड्या त्वचेला हा प्रकार मानवतो; पण तीन-चार पात्यांच्या रेझरमध्ये तो अडकून बसतो आणि दर फटक्याला रेझर धुवावा लागतो.

दाढीचा घट्ट साबण पोटॅशियम आणि सोडियम या दोन्हींच्या हायड्रॉक्साइडपासून करतात. सोडियममुळे वडी घट्ट राहते, तर पोटॅशियममुळे ती ब्रशला लवकर सुटते. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेले असते, कारण त्यानेच बारीक बुडबुड्यांचा, दाट आणि टिकाऊ फेस मिळतो. साबणाने त्वचा कोरडी पडते हे आपल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे निराधार नाही. साबणाच्या फेसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. परंतु फेसाचे क्रीमही साबणच आणि बहुतेक फोमही साबणच, त्यामुळे हा आक्षेप एकट्या वडीवर घेता येत नाही. फेस नीट धुऊन टाकला आणि त्वचा दमट असतानाच साधे मॉइश्चरायझर लावले, तर बहुतेकांना कोरडेपणा जाणवत नाही.

आता आपल्या मानेविषयी. मानेवरचे केस सगळे एकाच दिशेने वाढत नाहीत. काहींचे खालून वर, काहींचे आडवे, तर काहींचे भोवऱ्यासारखे वाढतात. गालावर वरून खाली जाणारा सुलट हात मानेवर नकळत उलटा पडतो आणि तिथेच आग होते. त्यातच त्वचा ताणून, तेच ते ठिकाण चार-पाच वेळा खरवडले, की केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो. कुरळ्या केसाचे टोक मग बाहेर न येता त्वचेतच वळते आणि पुरळ उठते. हे कोणताही फेस थांबवू शकत नाही. दोन दिवसांची दाढी वाढली असताना मानेवरून बोटे फिरवून केसांची दिशा पाहून ठेवावी आणि निदान काही आठवडे फक्त त्याच दिशेने, जोर न देता, रेझर फिरवावा.

सगळे एकदम बदलू नये, नाही तर गुण कशाने आला हे कळणार नाही. पहिले दोन आठवडे फोम तोच ठेवावा. मात्र आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने चेहरा ओला राखावा आणि फोम हाताने न फासता ओल्या ब्रशने घोळवावा. आग कमी झाली, तर दोष डब्यातल्या मालाचा नव्हता. फरक पडला नाही, तर सुगंध व मेंथॉल नसलेले फेसाचे क्रीम आणून पाहावे. मेंथॉलने गारवा वाटतो तो त्वचेतल्या थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवल्यामुळे. तापमान तसूभरही उतरत नाही आणि सोललेल्या त्वचेला तो झोंबतो. डब्यावरून प्रथमच ब्रशकडे वळणाऱ्याला मी वडीऐवजी क्रीमच सुचवीन, कारण पाण्याचा अंदाज थोडा चुकला तरी ते सांभाळून घेते. पुरळात पू धरू लागला किंवा महिनाभरात उतार पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मोठ्या हौसेने दाढीचा साबण आणि ब्रश घेतला. वाटीत फेस छान फुगतो, परंतु चेहऱ्यावर लावून एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा विरून जातो. साबण वाईट निघाला का?

उत्तर : बहुधा नाही. पहिली शंका घ्यावी ती ब्रशवर साबण कमी येण्याची. ओला ब्रश चांगला झटकून वडीवर निदान अर्धा मिनिट फिरवावा, ब्रशच्या केसांत दाट लगदा भरलेला दिसला पाहिजे. त्यानंतर वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर ब्रश फिरवत पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. फेस कोरडा आणि फिका दिसतो तोवर पाण्याला वाव असतो. त्याला दह्याच्या साईसारखी चकाकी आली आणि मोठे बुडबुडे दिसेनासे झाले की थांबावे. नवख्यांचा फेस वाटीतून उतू जातो तो पाणी आणि हवा जास्त झाल्यामुळे, आणि असा फेस सर्वांत आधी बसतो. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर तो आधी काही मिनिटे पाण्यात भिजवावा, कारण कोरडे केस फेसातलेच पाणी पितात. कृत्रिम तंतूंच्या ब्रशला भिजवण्याची गरज नसते.

एवढे करूनही फेस टिकत नसेल, तर पाणी तपासावे. दुष्फेन, म्हणजे जड, पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवतात, आणि तेवढा साबण फेसाच्या दृष्टीने वाया जातो. नळाच्या तोटीवर पांढरे कीट चढत असेल, बादलीला चिकट कडा येत असेल, तर हीच शक्यता आहे. खात्री करणे सोपे आहे : एकदा ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसले, घेऊन त्यातच ब्रश भिजवावा आणि फेस करावा. फेस टिकला, तर साबण निर्दोष आहे. फेसापुरते दोन-चार चमचेच पाणी लागते, त्यामुळे ही सवय कायमचीही ठेवता येईल. चेहरा धुवायला नळाचे पाणी चालते. पाणी उकळल्याने दुष्फेनतेचा एक भाग जातो, सगळा जात नाही. हा खटाटोप नको असेल, तर ज्या क्रीमच्या घटकांत ईडीटीए लिहिलेले आहे असे क्रीम घ्यावे. ते क्षारांना बांधून ठेवते.

प्रश्न : जेल आणि फोम एकच का?

उत्तर : नाही. जेलमध्ये साधारण २८ अंश सेल्सिअसला उकळणारे आयसोपेंटेन मिसळलेले असते. डब्यातून ते जेलच्याच रूपात बाहेर येते आणि त्वचेच्या उबेने, चोळताना, त्याचा फेस होतो. हा फेस फोमपेक्षा दाट आणि निसरडा असतो, म्हणून डबाच वापरायचा असेल तर मी जेलच्या बाजूने कौल देईन. ते पाण्याने निथळत्या चेहऱ्यावर लावावे, टॉवेलने पुसलेल्या नव्हे.

प्रश्न : प्रवासात दाढीचे सामान विसरले, तर अंघोळीचा साबण चालेल का?

उत्तर : चालेल, पण त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लगेच बसतो, म्हणून एका वेळी चेहऱ्याचा थोडाच भाग माखून तेवढाच उरकावा. केसांना लावायचे कंडिशनर हाताशी असेल, तर ते अधिक बरे. त्याला फेस येत नाही, पण निसरडेपणा भरपूर असतो. रेझर मात्र दर दोन फटक्यांनी धुवावा लागेल.