थ्रीडी प्रिंटरवर आख्खा फ्युएल सेल बनवता येईल का?

ऐरोलीत राहता, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, हायड्रोजनचा फ्युएल सेल (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणारं साधन) करायचाय आणि कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आहे, तर सगळा सेल त्यावरच छापता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

सगळा नाही येणार. पण जो भाग छापता येतो त्यावर मनापासून मेहनत घ्या, प्रोजेक्टचा खरा अभ्यास तिथेच आहे. मी रबाळे एमआयडीसीत जॉब वर्क करणाऱ्या शॉपमध्ये आहे. ग्रॅफाइटच्या प्लेटा आमच्याकडे मशीनिंगला येतात, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

पीईएम सेलमध्ये, म्हणजे पॉलिमरचा पातळ पडदा वापरणाऱ्या फ्युएल सेलमध्ये, मधोमध मेंब्रेन (तोच पडदा), त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर, त्यावर कार्बन पेपर (कार्बनच्या तंतूंचा, वायू आणि वीज जाऊ देणारा कागद) आणि बाहेरून खाचा पाडलेल्या दोन प्लेटा असतात. मेंब्रेन आणि प्लॅटिनम जोडलेलं तयार मिळतं, ते विकतच घ्या. खर्च तिथे होईल, पण ते घरी करण्याच्या नादात अख्खं वर्ष जाईल.

प्लेटांचं काम तिहेरी: वायू सगळीकडे पोचवायचा, तयार झालेलं पाणी बाहेर काढायचं आणि वीज वाहून न्यायची. खाचा साधारण 1 मिमी रुंद आणि तेवढ्याच खोल धरा. समांतर खाचा काढल्या तर एखादी पाण्याने बुजते, वायू शेजारच्या खाचांतून निघून जातो आणि तेवढा भाग उपाशी राहतो. एकच नागमोडी खाच ठेवली तर वायूला दुसरी वाटच नसते, पाणी पुढे ढकलावंच लागतं. मात्र दाब जास्त लागतो. ग्रॅफाइटमध्ये असा प्रत्येक बदल म्हणजे नवी प्लेट, पुन्हा मशीनिंग आणि शॉपभर काळी धूळ. प्रिंटरवर रात्री लावलेली नवी नक्षी सकाळी हातात येते. म्हणून दोन-तीन नक्ष्या छापा आणि त्याच मेंब्रेनवर त्यांची तुलना करा. माझ्या मते प्रोजेक्टचा विषयच हा ठेवावा.

छापताना फिलामेंटपेक्षा (प्लॅस्टिकची तार वितळवून थर देणारा) रेझिनचा (द्रव उजेडाने घट्ट करणारा) प्रिंटर बरा. फिलामेंटच्या थरांमधून हायड्रोजन झिरपतो, शिवाय पीएलए हे नेहमीचं फिलामेंट 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं.

राहिला विजेचा प्रश्न. वीज वाहणारं म्हणून जे काळं फिलामेंट मिळतं त्याच्या मोहात पडू नका, ग्रॅफाइटच्या तुलनेत त्याचा रोध हजारो पटींनी जास्त असतो. अमेरिकेत ऑस्टिन आणि मिसुरीच्या विद्यापीठांत ग्रॅफाइटची भुकटी आणि फिनॉलिक रेझिन लेझरने जोडून प्लेटा केल्या गेल्या, पण त्या नंतर भट्टीत भाजून इपॉक्सीने भराव्या लागतात. ते कॉलेजात जमणारं नाही. त्यापेक्षा पीसीबी, म्हणजे तांब्याचा थर असलेली सर्किटची पाटी, वापरा. स्टॅनफर्डमधल्या एका गटाने 2003च्या सुमारास पीसीबीच्या तंत्राने फ्युएल सेल करून दाखवले होते. छापलेली प्लेट आणि कार्बन पेपर यांच्यामध्ये, खाचेच्या वाटेवर भोकं पाडलेला पीसीबी बसवायचा. त्याला सोन्याचा मुलामा हवाच, आणि भोकंही आतून प्लेटेड करून मागा. तांबं उघडं राहिलं तर ते विरघळून मेंब्रेन नासवतं.

एंड प्लेट, म्हणजे सगळे थर आवळून धरणारी सगळ्यात बाहेरची प्लेट, मात्र छापू नका. बोल्ट आवळले की ती मध्ये फुगते आणि नेमका मधलाच भाग दाबला जात नाही. जाड अॅल्युमिनियम घ्या. गॅस्केटसाठी सिलिकॉन शीट, कार्बन पेपरपेक्षा किंचित पातळ. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा.

नुसत्या सेलवर, काही न जोडता, 0.9 व्होल्टच्या वर दिसायला हवं. 0.8च्या खाली असेल तर आधी गळती शोधा: सेलला हायड्रोजन न लावता नुसती हलक्या दाबाची हवा द्या आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहा. सैद्धांतिक 1.23 व्होल्ट कधीच मिळत नाहीत, लोडवर 0.6 ते 0.7 धरा. म्हणजे एका सेलवर एलईडी लागणार नाही, प्रात्यक्षिकाला छोटी मोटर ठेवा.

हायड्रोजनचं सिलिंडर आणू नका, छोट्या इलेक्ट्रोलायझरवर (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र) लागेल तेवढाच करा. हवेत 4 टक्के झाला तरी तो पेटू शकतो आणि ज्योत उजेडात दिसत नाही, तेव्हा टेस्टिंग खिडक्या उघड्या ठेवून, सरांच्या समोरच करा. नक्षीचं ड्रॉइंग तयार झालं की इथे टाका, खाचांची मापं मी बघून देईन.