१० वॅटच्या निळ्या लेझर एनग्रेव्हरसोबत आलेला हिरवा गॉगल पुरेसा आहे का?

त्यावर तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) छापलेला नसेल तर नाही; ४५० नॅनोमीटरला (निळ्या लेझरची साधारण तरंगलांबी) ओडी ५ किंवा जास्त असं स्पष्ट लिहिलेला गॉगल वेगळा विकत घ्या. काच हिरवी की नारिंगी, यावरून खात्री देता येत नाही. ओडीचा हिशोब दहाच्या पटीत चालतो. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो, म्हणजे तुमच्या १० वॅटपैकी १ मिलीवॅट. दिसणाऱ्या प्रकाशासाठी क्लास २ ची (लेझरच्या कमी धोक्याच्या वर्गाची) मर्यादा नेमकी तेवढीच आहे, म्हणजे अगदी काठावर. ओडी ५ ला ०.१ मिलीवॅट उरतो. खरेदी करताना एवढं बघा:

- १९०–५४० सारखा पट्टा चालेल, ४५० त्यात येतो. '२००–२०००, सगळ्या लेझरना चालतो' असं लिहिलेलं दिसलं की पुढे जा. ते बहुधा पार्लरमधल्या आयपीएल (प्रकाशाच्या झोताने केस काढणाऱ्या) मशीनसाठीचे चष्मे असतात.
- ईएन २०७ या लेझर-गॉगलच्या युरोपीय मानकाच्या गॉगलवर तरंगलांबीशेजारी 'एलबी' आणि एक आकडा कोरलेला असतो. पॅकेटवरचा स्टिकर म्हणजे मानक नव्हे.
- पुढे १०६४ नॅनोमीटरचं इन्फ्रारेड मोड्यूल लावलंत, तर हाच गॉगल चालेल असं धरू नका.

मात्र गॉगल हा फक्त उडालेल्या परावर्तनासाठी. तो घालून किरणात थेट बघायचं नाही. स्टील किंवा ॲल्युमिनियमसारख्या किरण परतवणाऱ्या धातूवर काम करणार असाल तर मशीनला बंद खोकं हवंच, कारण खोलीतल्या बाकीच्यांच्या डोळ्यांवर काहीच नसतं.