दीर्घ आजारात मनाची उभारी कशी टिकवावी?

क्षयरोगाचे ६ महिन्यांचे उपचार चालू असतानाच नोकरी गेली, तर खचून न जाता कसे उभे राहावे, असे तुम्ही विचारले आहे. ठाण्यात राहून मी याच वाटेने गेलो आहे, म्हणून लिहितो.

रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधामुळे लघवी नारिंगी झालेली पाहून मी घाबरलो होतो. ते अपेक्षितच असते, हे कळल्यावर अर्धी भीती गेली. आजाराची नेमकी माहिती हाच माझ्या मते धीराचा पाया आहे. ‘सकारात्मक राहा’ या सल्ल्याचा मला तरी काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मासुंदा तलावाकाठच्या बाकांचा: सुरुवातीला दोन बाकांमधले अंतर चालून मी धापा टाकत बसत असे, आणि दर आठवड्याला एक बाक पुढे सरकत असे. बरे वाटू लागताच गोळ्या सोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण अर्धवट उपचारांमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात, तेव्हा सरकारी आरोग्य केंद्रात नोंदणी जरूर करावी. झोप उडाली किंवा जगणे नकोसे झाले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.